एका फायलीत एकच भाजी

शेजारच्या वर्कशॉपमधली पत्रे ठोकणारी प्रेस थांबली की मंगलबाई बोलायला लागत. चिखलीतल्या त्यांच्या एका खोलीच्या घराची आणि त्या वर्कशॉपची भिंत एकच होती. त्यामुळे कामगारांची जेवणाची सुट्टी हाच त्यांचा रेकॉर्डिंगचा वेळ. सुट्टी जवळ आली की त्या पंखा बंद करीत, उजवा हात उंच धरून घरातल्यांना गप्प करीत, आणि शेवटचा ठोका पडताच मोबाइल तोंडाशी नेऊन खड्या आवाजात सुरुवात करीत: "चला मावशी, चला ताई, मेथी आली, कोथिंबीर आली, कोवळी भेंडी, काटेरी वांगी!" त्यांचे यजमान भीमराव चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. कंत्राट संपल्यावर त्यांनी भाजीचा टेम्पो काढला, आणि मंगलबाईंचा हा आवाज टेम्पोवरच्या कर्ण्यातून आमच्या संत तुकाराम नगरात घुमू लागला.

त्या आवाजाविरुद्ध तक्रार घेऊनच मी प्रथम त्यांच्या दारात गेलो. तक्रार गोंगाटाची नव्हती. माझी पत्नी सुमती हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि जिन्याचा लोखंडी कठडा गंजून तुटलेला. मी पत्र टाकायला पोस्टात गेलो असताना कर्ण्याने मेथीची हाक दिली. सुमती भिंतीला धरून तीन मजले उतरली. मेथी केव्हाच संपली होती. रिकाम्या हाताने वर येताना तिचा पाय सरकला, थोडक्यात निभावले. भीमरावांना जाब विचारला, तर ते म्हणाले, "रेकॉर्डिंग एकसलग हाय साहेब. मधलं काढता येत न्हाई."

मी पत्ता घेतला आणि थेट चिखली गाठली. दार उघडेच होते. "जो माल गाडीवर नाही, त्याची जाहीर हाक देणे ही ग्राहकाची फसवणूक आहे! सात दिवसांत सुधारणा झाली नाही, तर मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन!" असे मी उंबरठ्यावरूनच बजावले. मंगलबाईंचा उजवा हात अजून वरच होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला.

"झालं का काका? रेकॉर्डिंग चालू होतं. आता सुट्टी संपस्तोवर तुमीच बोला."

मी बोलणारच होतो. पण भीमरावांनी फोन करून त्यांना सारे आधीच सांगितले होते. तेवढ्यात त्यांनी विचारले, "काकूला लई लागलं का?" तुटक्या कठड्याविषयी मी आजवर जितका पत्रव्यवहार केला, त्यात हा प्रश्न एकाही पदाधिकाऱ्याने विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या निवडलेल्या मेथीची पिशवी घेऊन आमच्या घरी आल्या. सुमतीचा गुडघा त्यांनी नीट पाहिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सात दिस दिलेत न्हवं? लई झाले."

त्यांनी एक जुना लॅपटॉप मिळवला, त्यावर आवाज कापायचे मोफत सॉफ्टवेअर घेतले आणि व्हिडिओ पाहून शिकायला बसल्या. अंमलबजावणीवर देखरेख म्हणून मीही जाऊन बसत असे. पडद्यावर त्यांचा आवाज रेघांच्या रूपात पसरलेला दिसे. "बघा काका, बोललं की डोंगर, गप बसलं की सपाट. सपाटीवर कापायचं." पहिल्या खेपेला त्यांनी डोंगराला अगदी लागून कापले, भेंडी आणि वांगी एकमेकांना ढकलत बाहेर पडू लागली. तेव्हा दोन्ही बाजूंना थोडी सपाटी राखून त्यांनी सगळे नव्याने कापले. "माणसाचा श्वास कापला, की ते मशीनवाणी बोलायलंय," हे त्यांचे नेहमीचे वाक्य झाले. अखेर एका सलग हाकेच्या वेगवेगळ्या फायली झाल्या. एका फायलीत एकच भाजी. मेथी संपली की भीमरावांनी मोबाइलवरच्या यादीतून मेथी काढायची, बस्स.

मुदतीच्या आत टेम्पो आमच्या इमारतीखाली आला. मी गॅलरीत उभा. "कोवळी भेंडी!" अशी हाक आली, आणि तिच्यापाठोपाठ माझाच आवाज गर्जला: "ही ग्राहकाची फसवणूक आहे!" त्या दिवशी उंबरठ्यावर बोललेले सारे रेकॉर्डिंगमध्ये आले होते, आणि कापताना त्याचाही एक तुकडा यादीत शिरला होता. भीमराव घाबरून मोबाइलवर बोटे दाबू लागले. त्याने कर्णा थांबला नाही, उलट मी पुन्हा गर्जलो. गॅलऱ्या भरल्या. समोरचे कुलकर्णी ओरडले, "काय राव, भेंडीत पण फसवणूक?" त्या दिवशी टेम्पोभोवती जत्रा जमली. मी तो तुकडा नष्ट करण्याची मागणी केली.

"काढते की," मंगलबाई हसू दाबत म्हणाल्या. "पण आवाज खणखणीत हाय तुमचा काका. भंगारवाल्याला देऊ का?"

सुमती इतकी हसली, की गुडघ्याचे दुखणे विसरली.

पुढे हाकेवर लोकांचा विश्वास बसला. कर्णा मेथी म्हणाला, म्हणजे मेथी आहे. तरी मंगलबाईंचे समाधान होईना. "मेथी असली तरी काकू उतरणार कशी? कठड्याचं काय झालं?" मी त्यांना सोसायटीच्या कमिटीला पाठवलेले अकरा पानी निवेदन वाचून दाखवू लागलो. गळती झाली, पार्किंग झाले, कुत्र्यांचा उपद्रव सुरू झाला, आणि त्यांचा उजवा हात वर गेला.

"थांबा काका. कठडा कुठं हाय?"

"नवव्या पानावर."

"ही तर माझी पैली फाईल झाली! सगळी भाजी एकात. ऐकणारं भेंडीलाच दमतंय, मेथीपस्तोर कोण येतंय?"

सर्व तक्रारी एकाच उपविधीतून उद्भवतात, असे मी साधार सांगितले. "असतील," त्या म्हणाल्या, "पण काकू कुत्र्यामुळं घसरल्या का?"

त्या रात्री मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. फक्त कठडा. पार्किंगचा मुद्दा तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. कमिटीच्या पुढच्याच बैठकीत तो कागद पूर्ण वाचला गेला, मंजूर झाला, आणि वेल्डर आला. उरलेल्या तक्रारी मी सध्या एकेक करून पाठवीत आहे. कमिटी हैराण आहे.

मंगलबाई आता चिखलीत नाहीत. इतर टेम्पोवालेही त्यांच्याकडून हाका करून घेऊ लागले, भीमरावांना चाकणला भाजीचा गाळा मिळाला, आणि बिऱ्हाड तिकडे हलले. जायच्या दिवशी टेम्पो कर्णा बंद ठेवून आमच्या इमारतीखाली आला. सुमतीने ओटीचे ताट घेतले. मी हात द्यायला पुढे झालो, तर तिने ताट माझ्याच हातात दिले आणि म्हणाली, "हे तेवढं खाली ठेवून वर या. मी माझी येते."

मी ताट ठेवून गॅलरीत येऊन उभा राहिलो. एका हाताने कठडा धरून, पायरी पायरीने, सुमती खाली पोहोचली. तिला पाहताच मंगलबाईंनी टेम्पोतून उडी मारली. मग दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या, मध्येच टाळी देऊन हसत राहिल्या. त्या काय बोलत होत्या, ते तिसऱ्या मजल्यावर अजिबात ऐकू येत नव्हते. त्याबद्दल माझी कोणतीही हरकत नव्हती.