फान्यानाच्या मागची सीट

फान्याना टेंबेच्या तोंडाला कधी कुलूप लागेल, असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला कढईतले सगळे माग्विन्ये, म्हणजे माझे तळलेले पिठाचे गोळे, फुकट खाऊ घातले असते. हा माणूस मोटारसायकलवरून कोंबड्या, गॅसच्या टाक्या, आजारी म्हाताऱ्या, काय वाटेल ते आमच्या मांगुझी गावच्या वाळूतून पोचवतो आणि हेल्मेटच्या आतूनही बोलत असतो. माझा ठेला सरहद्दीवर रस्ता अडवणाऱ्या दांड्याला लागून. तिथं थांबला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मागुमेडे, हे माग्विन्ये आहेत की बटणं?"

"तू आधी तोंड मिट, मग मोठे दिसतील," मी म्हणायची.

त्याचा थोरला भाऊ मूझी पलीकडे मोझांबिकमध्ये ट्रक चालवायचा. एक दिवस ट्रक पेटला. जे उरलं ते तिकडेच पुरलं. पण आपल्या माणसाला असं रस्त्यात टाकून चालत नाही. घरच्या कुणीतरी जायचं, तो पडला त्या जागी म्फाफाच्या झाडाच्या काटेरी फांदीने त्याला हाक मारायची, आणि फांदीबरोबर घरी आणायचं. वाटेत बोलायचं ते फक्त त्याच्याशी. दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोललात, तर तो तिथेच उतरतो. काका टॅक्सी करायला तयार होते. फान्याना म्हणाला, "ही गाडी दादाचीच आहे, दादा गाडीवरच येईल." आणि एकटा निघाला. फान्याना आणि गप्प राहणार? गाव हसलं. मी तर पोट धरून हसले.

परत आला तो भर दुपारी. धुळीने पांढरा झालेला, ओठ घट्ट मिटलेले. फांदी जॅकेटच्या आत छातीशी बांधली होती, पाला गळ्यापाशी बाहेर डोकावत होता. मागच्या सीटवर घडी घातलेली चादर, भावाला बसायला.

दांड्यावर मथेंज्वा होता, डर्बनहून नुकताच आलेला तरुण अधिकारी. त्याने पासपोर्ट पाहिला, मग पाला.

"हिरवा पाला आत येणार नाही. फांदी इथेच ठेवा."

फान्यानाने मान खाली घातली. "दादा, आपण दांड्यापाशी आलोय. साहेब म्हणतायत, तुला इथेच ठेव."

"अहो, माझ्याशी बोला ना!"

"दादा, साहेब चिडलेत. त्यांचं काही चुकत नाही. तू मात्र उतरू नकोस."

मला राहवलं नाही. पिठाच्या हातांनीच मी गेले. "साहेब, तुमच्या घरी कुणाला असं आणलं नाही का कधी?"

"आजोबांना आणलंय, माय," त्याचा आवाज उतरला. "मला का कळत नाही? पण या पाल्यातून कीड आत आली तर इथल्या बागा कोण वाचवणार?"

तिकडे फान्यानाची आई बकरा बांधून सकाळपासून अंगणाच्या तोंडाशी बसली होती. फांदीवाचून हा पोचला असता, तर तिचा एकच मुलगा घरी आला असता.

मथेंज्वाने बराच विचार केला. "कीड असते ती पाल्यात. पाला इथे काढा. नुसती काटेरी काठी मी औषध मारून सोडतो."

आता मूझी पाल्यात की काट्यांत, हे कोण सांगणार? फान्यानाने जॅकेट उघडून फांदी बाहेर काढली. मग हळूच म्हणाला, "दादा, कोट इथे काढून ठेव म्हणतायत. आईसमोर उघड्या अंगाने जाशील ना रे?"

मी रडले. सगळ्यांसमोर.

तो दांड्याखाली बसून पानं खुडत राहिला. काटे बोटांत शिरत होते, रक्त येत होतं, पण हा एकदाही "आई गं" म्हणाला नाही. फक्त भावाला सांगत होता, "हे झालं, आता थोडीच राहिली." औषध मारून झाल्यावर मी कागदात दोन माग्विन्ये बांधून दिले, एक त्याला आणि एक मागच्या सीटला. त्याने पुडी उघडून पाहिली आणि काठीला म्हणाला, "दादा, मागुमेडेला सांग, आजही बटणंच आहेत."

दांडा वर गेला. गाडी गेली.

खुडलेला पाला जाळून टाकायचा असतो. मथेंज्वाने ढीग केला, काडी हातात घेतली आणि सहज विचारलं, "भाऊ कशाने गेला त्यांचा?"

"मूझीचा ट्रक पेटला," मी म्हटलं.

काडी तशीच राहिली. मागे रांगेतला ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मथेंज्वाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी काढून तो ढिगाशी उकिडवा बसला.

"मूझीबाबा," तो हलकेच म्हणाला, "यात असाल तर आधी बाहेर या. दांडा वरच ठेवलाय. तुमचा भाऊ अजून फार लांब गेला नसेल."

रस्त्यावरून गाडीचा आवाज येईनासा होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने काडी ओढली.