पंचमीला सुई लावत नाहीत

आत्यानं मला दादा म्हणायला बंदी केली तेव्हा मी सांगलीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तोपर्यंत तिच्या मुलाला मी दादाच म्हणत आले होते. आत्या म्हणाली, "आता पुरं ते दादा दादा. मामाची लेक हायस तू त्याची. लोकं हसतील." आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क धरतात, आणि आत्या हक्क सोडणाऱ्यातली नव्हती. तेव्हापासून मी त्याला काहीच म्हणेनाशी झाले. हाक मारायची वेळ आली की जवळ जाऊन उभी राहायचे, त्याचं लक्ष जाईपर्यंत.

मी विरोधात होते असं मात्र नाही. त्याला कारण एक रेकॉर्ड होती.

पाचगणीच्या शाळेत माझ्या शेजारच्या कॉटवर आफ्रिकेतून आलेली एक मुलगी होती. शाळा संपवून परत जाताना तिनं ती मला दिली. इंग्लंडमधल्या पाच जणांच्या बँडची पहिली रेकॉर्ड. एकेक गाणं दहा-दहा मिनिटांचं, मध्येच बासरी, मध्येच ऑर्गन, मध्येच ताल बदलून भलतीकडे जाणारं. पण शब्द साधे होते. एक ओली गल्ली, बंद पडलेलं दुकान, कामावरून सुटलेला एक माणूस आणि त्याचं घरी न जाणं. मी ती गल्ली पाहिलेली नव्हती, तरी ती मला पाठ होती. साताऱ्याला आमच्या घरी रेकॉर्ड वाजवायला काही नव्हतं. शिराळ्याला आत्याकडे होतं. तिच्या यजमानांनी लष्करातून सुट्टीवर येताना कँटीनमधून पेटीसारखा उघडणारा प्लेअर आणला होता. म्हणून रेकॉर्ड शिराळ्याला गेली आणि सुट्ट्यांत तिच्यामागे मीही जायला लागले.

आत्याचा मुलगा ऐकताना बोलत नसे, हे मला आवडायचं. रेकॉर्ड मखमलीच्या तुकड्यानं पुसायचा, कडेनं धरायचा, बोटाचा ठसा उमटू द्यायचा नाही. साऱ्या जिल्ह्यात तो बँड माहीत असलेली माणसं दोनच, एक मी आणि एक तो, अशी माझी समजूत होती. एवढ्या कारणावर लग्न करायला मी जवळजवळ तयार झाले होते. आत्यानं हे सगळं एका वाक्यात बसवलं होतं: "एकाकडं तबकडी, एकाकडं पेटी. देवानंच जोडलंय."

त्या वर्षी नागपंचमीला निघताना वडील म्हणाले, "काय ते आत्याला सांगून ये. मला मध्ये घालू नका."

चतुर्थीला बायका भावाचा उपवास करतात. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून लहानपणापासून मी तो त्याच्यासाठी धरायचे. त्या दिवशी आत्यानं मला बळंच पाटावर बसवून जेवू घातलं.

"उपास कुणाचा धरतीस? तुला कुठं भाऊ हाय?"

मी जेवले.

संध्याकाळी तो सांगलीहून आला. खांद्याला पिशवी, पायात बेलबॉटम, त्याच्या खालच्या घेराला एसटी स्टँडचा चिखल. पिशवीत त्याच बँडची नवी रेकॉर्ड होती. त्याच्या वर्गातल्या मित्राचा भाऊ जहाजावर होता, त्यानं आणून दिलेली. वरचा पातळ कागद त्यानं अजून फाडला नव्हता. म्हणाला, "तुझ्यासमोर फोडायचं ठरवलं होतं." त्या क्षणी आत्यानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

पंचमीच्या सकाळी त्यानं कागद फाडला. कव्हरवर नाग होता. हिरवा, फणा काढलेला, जांभळ्या ढगातून वर आलेला, कपाळात हिरा. फण्यावर दहाचा आकडा होता, पण खऱ्या नागाचा असतो तसा पाठीमागे नाही, पुढच्या बाजूला. आपण समोरून बघतोय, नागाचं तोंड आपल्याकडे आणि आकडा त्याच्या छातीवर, पोलिसाच्या बिल्ल्यासारखा.

"आकडा पुढं आहे," मी म्हटलं.

"प्रतीक आहे ते," तो म्हणाला. "तू फार अक्षरशः बघतेस."

शिराळ्यात जन्मलेला मुलगा पंचमीच्या दिवशी हे बोलत होता. बाहेर रस्त्यावर हलग्या वाजत होत्या. गल्लीतली पोरं गाडग्यातला खराखुरा नाग घेऊन दारोदार फिरत होती. आकडा कुठल्या बाजूला असतो ते बघायला त्याला फक्त उंबऱ्यापर्यंत यायचं होतं.

मी कव्हर उलटून बघितलं. मागे बँडचे पाचही जण बसले होते. अंगात झब्बे, गळ्यात रुद्राक्ष, मांडी घालता येत नसल्यामुळे गुडघे वर. गायकाच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत्या ओल्या हातानं येऊन वाकून बघायला लागली.

"ह्यो बापय असून सवाष्णीगत कुंकू का लावून बसलाय?"

"आई, ते ध्यान करत्यात."

"ध्यानच हाय," आत्या म्हणाली.

मग तिनं कव्हर उलटं करून नाग बघितला आणि ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. तो प्लेअर उघडत होता. आत्या म्हणाली, "ते काय करतोयस?"

"लावतो की."

"कशानं?"

"सुईनं."

"आज सुई?" आत्याचा आवाज असा चढला की हलगी ऐकू येईना. "आज चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, रानात कुदळ घालायची न्हाई. माझ्या घरात तवा चढला न्हाई सकाळधरनं. आणि तू नागाच्या अंगाला सुई लावतोस व्हय रं?"

"आगं आई, नाग कव्हरावर हाय. आत तबकडी हाय."

आत्यानं तबकडी बाहेर काढायला लावली. मधल्या गोल कागदावरही तोच नाग होता, वेटोळं घालून. आणि काळ्या तबकडीवर त्या बारीक रेघा, गोल गोल, आत आत जाणाऱ्या.

"हे काय हाय मग? वेटोळंच की!"

मला हसू आलं आणि ते मी पदरात दाबलं. आत्यानं कव्हर नेऊन पाटावर मातीच्या नागाशेजारी उभं केलं, त्याला हळद-कुंकू वाहिलं, पुढे लाह्या ठेवल्या.

"आई! लंडनचं हाय ते!"

"असूं दे. लांबनं आलंय बिचारं."

हिऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलं. बोटाचा ठसा पडू न देणारा माणूस दुपारभर कपाळाला आठ्या घालून बसला होता. मी आतल्या कागदावरचे गाण्याचे शब्द वाचत होते. न वाचता ऐकलं असतं तर कदाचित फसले असते. बँडमधला ऑर्गनवाला म्हणे सहा आठवडे भारतात राहून आला होता आणि त्याला सर्पाचा साक्षात्कार झाला होता. गाण्यात एक साधक गंगेच्या काठी येतो, तिथे त्याला नागमाता भेटते आणि विश्वाचं रहस्य सांगते, तेही इंग्रजीत, यमक जुळवून. रहस्य असं की सगळं एक आहे. हे सांगायला दोन्ही बाजू लागल्या होत्या. ओल्या गल्लीतला तो माणूस कुठे गेला ते मी शेवटपर्यंत शोधत होते. त्याला यांनी कामावरून काढून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं पाट हलवला आणि परवानगी दिली. माझी सांगलीची गाडी दुपारची होती.

पहिली बाजू म्हणजे एकच गाणं. सुरुवातीला एक नवं यंत्र, आवाज साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा. कारखान्याचा भोंगा निदान पाळी बदलली म्हणून वाजतो. इथे काही बदलत नव्हतं. मग सतार आली. ती गिटारवाला वाजवत होता आणि सतारीला ते समजलं होतं. मग पाचही जण "नॅगा, नॅगा" म्हणायला लागले. मग ड्रमवाल्याला एकट्याला सोडलं. पत्र्याच्या शेडवर माकडं उतरावीत तसा तो बराच वेळ वाजत राहिला आणि संपल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुतेक सुटका झाली म्हणून. बासरी एकदाच आली, तीही पुंगीचं सोंग घेऊन. ज्या माणसानं पहिल्या रेकॉर्डवर ती बासरी तशी वाजवली होती, त्यानं हे वाजवलं, याची मला त्याच्या वतीनं लाज वाटली.

पण त्याहून वाईट हे की तो या वेळी गप्प बसला नाही.

"ऐक, ऐक. आता कुंडलिनी जागी होतेय."

मी ऐकत होते. जागं काही होत नव्हतं.

"तुला कळतंय ना? आपलं तत्त्वज्ञान आहे हे. आपल्याला किंमत नाही, त्यांनी किंमत केली. शाळेत तुम्हाला शब्द शिकवले, पण याच्या आत शिरायला..." त्यानं छातीवर हात ठेवला, बरोबर त्या दहाच्या आकड्याच्या जागी.

"पहिली रेकॉर्ड मला जास्त आवडते," मी म्हटलं. एवढं बोलायलाही मला बराच धीर गोळा करावा लागला.

"ती पोरकट होती गं. गल्ली, दुकान... त्यात काय आहे? त्यातून ते बाहेर पडले. तूही पड. हळूहळू मी शिकवेन तुला."

शिकवेन. त्याच्या डोळ्यांत प्रेम होतं, हेही मी बघितलं. पण त्या घरात यापुढची प्रत्येक संध्याकाळ मला स्पष्ट दिसायला लागली: डोळे मिटून बसलेला तो, भोंगा, आणि आता काय जागं होतंय ते मला सांगणारा त्याचा आवाज. रेकॉर्डची दुसरी बाजू लागली तशी मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. आत्या पुरणाची दिंडं फडक्यात बांधत होती, मला न्यायला. तळण नाही म्हणून पंचमीला ही उकडलेली दिंडं. तिनं गाठ मारता मारता विचारलं, "मग? काय सांगू तुझ्या बापाला?"

तोंडावर नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं. आत्याला नाही म्हणणं कुणालाच जमलेलं नाही. मी उठून दारात गेले. तो गायकाबरोबर मान हलवत होता. या वेळी मी जवळ जाऊन उभी राहिले नाही. उंबऱ्यातूनच हाक मारली.

"दादा, माझी जुनी रेकॉर्ड दे. बरोबर नेते."

त्यानं डोळे न उघडता कपाटाकडे बोट केलं. "घे. पण ही बाजू अजून दोनदा ऐकायला हवीस तू," म्हणाला. त्यातलं 'दादा' त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

आत्याला गेलं होतं. फडक्याच्या गाठीवरचा तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाहेर त्याच्याकडे, आणि परत माझ्याकडे. मला वाटलं आता आवाज चढणार. तिनं गाठ सोडली, फडक्यात आणखी दोन दिंडं घातली आणि पुन्हा घट्ट बांधली.

"फुडच्या चतुर्थीला उपास धर मग," ती म्हणाली. "उगं जेवली बिवली तर बघ."