सॉरी, कशाबद्दल?

झाडताना सोफ्याखाली लेकीचा रबर सापडला. स्ट्रॉबेरीचा वास आला आणि मी थेट मुलुंडच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात जाऊन पोचले.

बाकावरच्या शेजारणीचा असाच रबर हरवला होता आणि तसाच माझ्याकडेही होता. बाईंनी मला भर वर्गात चोर ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिचा रबर तिच्या घरीच मिळाला.

बाकीच्या वर्गांत मूल्यशिक्षणाच्या तासाला गणित उरकायचे. आमच्या बाई तो तास खरंच घ्यायच्या. त्यांचा नियम होता, नुसतं ‘सॉरी ना यार’ चालणार नाही, कशाबद्दल तेही सांगायचं. त्या तासाला बाई माझ्या बाकापाशी आल्या. हातातला खडू त्यांनी बाकावर ठेवला.

“सॉरी. तुला काही न विचारता मी चोर म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतेय.”

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. आज कळतं, बाई जेमतेम पंचविशीच्या होत्या आणि समोर साठ पोरं होती.

माझ्यासमोर तर एकच होती, माझी लेक. “रबर शाळेत हरवलास आणि वर खोटं बोलतेस?” असं सकाळीच मी तिला झापलं होतं.

“सॉरी गं,” मी पुटपुटले.

वहीतून मान वर न काढता ती म्हणाली, “कशाबद्दल?”