पाणी जायला भोक

ओल्या लाकडाचा वास आला की मला आमची वाळवंटातली बंगली आठवते. इंग्लंडात कसलं आलंय वाळवंट, असं तुम्ही म्हणाल. पण समुद्राकाठी नजर पोचेल तिथवर नुसते गोटे पसरलेली एक जागा आहे, तिथं गवतसुद्धा विचार करून उगवतं. दोन हजार पाचच्या सुमारास, सुट्टीत राहायला म्हणून, आम्ही तिथं पन्नास वर्षं जुनी लाकडी बंगली घेतली. बाहेर लावलेलं लॉन वाऱ्यानं नेलं. आत मात्र जुनं कार्पेट उपटून मी स्वतः, कंबर मोडेस्तोवर, लाकडी फ्लोअर बसवला. उद्या वास्तुशांत, लंडनजवळच्या स्लाऊहून मंडळी येणार, म्हणून फुलं आणायला गेलो. परत येतो तर पुण्याहून आलेली आई पदर खोचून, बादल्या ओतून फ्लोअर धुतेय! “अगं आई, लाकूड फुगेल! उद्या पूजा कुठं मांडायची?” “पूजेआधी घर धुवायचं नाही? आणि पाणी जायला भोक कुठाय रे? एवढा इंजिनिअर तू!” “इथं घरं धूत नाहीत!” मी ओरडलो. बायको म्हणाली, “अरे, भांडत काय बसलास? ड्रिल आण.” वैतागून मी भिंतीला तळाशी भोक पाडलं. आईनं झाडूनं पाणी लोटलं, बाहेरच्या गोट्यांनी ते गटागट पिऊन टाकलं आणि फ्लोअर वाचला. “बघ, किती सोपं होतं,” आई म्हणाली. त्या भोकातून हिवाळ्यात बोचरा वारा येतो. बायको दरवर्षी म्हणते, बुजव. मी त्यात जुना मोजा कोंबतो. आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. पण समजा आलीच, तर?