वरवरची पळी

वडील गेल्यावर आमचं घर आईच्या खळीवर चालायचं. खळ म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ कांजी. विणायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना ती पाजतात. कुंभकोणमला आई ती शिजवायची आणि तिरुभुवनमचा एक विणकर सायकलवरून घेऊन जायचा. घेणारा तो एकच. तो तुटला की चूल विझली, एवढं मला नवव्या वर्षीही कळत होतं.

पीठ पाण्यात पुरतं विरघळलं की नाही, हे आई नुसत्या डोळ्यांनी ठरवायची नाही हो. हंडा ढवळून तळातून पळीभर खळ काढायची, तांब्याभर ऊन पाण्यात कालवायची, जुन्या मलमलीतून गाळायची. फडक्यावर जो चोथा राहील तो उन्हात वाळवून सोनाराच्या तराजूत गुंजांनी तोलायची. दोन गुंजांवर गेला की हंडा परत चुलीवर.

एकदा तिला ताप आला. "पोरी, तळातून घे गं," पडल्या पडल्याच म्हणाली. हंडा माझ्या खांद्याला लागत होता, वाफेनं तोंड भाजत होतं. मी वरवरचीच पळी घेतली. वरची खळ नितळच असणार, नाही का! चोथा अर्धी गुंजही भरला नाही. मी ओरडून सांगितलं. "शाबास," म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तिसऱ्या दिवशी विणकर हातात रेशमाचा झुपका घेऊन दारात उभा. धाग्यांवर कच्च्या पिठाच्या गुठळ्या वाळल्या होत्या. कुंचा फिरवला की धागा तुटत होता.

"मराठी अम्माच्या खळीत इडल्या निघाल्या की काय?" शेजारीण ओट्यावरून हसली.

विणकर हसला नाही. "अक्का, भाचीच्या लग्नाच्या साडीचा ताणा होता. तोललं होतंस ना?"

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताप होता रे. नाही तोललं."

त्यानं झुपका उंबऱ्यावर ठेवला. "चुकलीस म्हणाली असतीस तर चाललं असतं, अक्का. न तोलताच दिलीस? आता तुझ्या हातची खळ मी कशाच्या भरवशावर नेऊ?"

मी दाराआड उभी. 'मी वरून घेतली' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. तो रिकामाच गेला.

पुढच्या आठवड्यात आई लग्नघरांत वाटण वाटायला जाऊ लागली. संध्याकाळी हात सोलून यायचे. मी त्यांना तेल लावायची आणि तेव्हाही गप्पच राहायची.