कासऱ्याला हळदकुंकू

चकलांब्याचा बजरंग डुकरं मारणारा म्हणून आसपासच्या गावांना माहीत होता. भुईमुगाची नासाडी झाली की लोक सरकारी परवाना काढून त्यालाच बोलवायचे आणि तो बंदूक घेऊन लिंबावर चढून बसायचा. गेल्या साली असाच झाडावरून पडला, तेव्हापासून पाय ओढत चालायचा. तेव्हा बायकोनं, दगडाबाईनं, दोन महिने त्याचं हगणंमुतणं काढलं होतं.

त्या दुपारी तो पुन्हा डुकरावर निघाला, तेव्हा तिनं पिशवीत पाण्याची बाटली, बॅटरी आणि बैलाचा कासरा भरला. त्यानं कासरा काढून अंगणात फेकला आणि तंबाखूची चंची कोंबली.

"झाडाला बांधून घ्यायला मी काय शेळी हाय? लोक हसतेत."

"शेळीला अक्कल असती. अन् तंबाखूचा वास डुकराला येत न्हाई का?"

"तोंड आवर तुझं!"

दगडाबाई बंदुकीच्या पेटीवर जाऊन बसली. "कासरा न्हाई, तर बंदूकबी न्हाई. पुन्यांदा तुमचं मूत काढायचा नवस म्या खंडोबाला बोलले न्हाई."

ती काही उठेना. शेवटी त्यानं चंची तिच्या पुढ्यात आपटली आणि शिव्या घालत कासरा घेऊन गेला.

दिवस मावळल्यावर तो डुक्कर मारून आला. जेवताना सदरा वर सरकला, तर कमरेभोवती कासऱ्याचा लालभडक वळ. बंदुकीच्या धक्क्यानं नवरा फांदीवरून निसटून कासऱ्यावर लोंबकळला होता, हे तिला न सांगता कळलं.

"काट्यानं ओरबाडलं," तो म्हणाला.

दगडाबाईनं देवापुढची कोयरी आणून कासऱ्याला हळदकुंकू वाहिलं. नवऱ्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.