खिळ्यावरचा लाल बिल्ला

तलासरीला हायवेलगतच्या शर्टांच्या कारखान्यात मी कॉलर लावायचे. आम्ही चाळीस बायका, आणि संडासाला जायला लाल कापडाचा एकच बिल्ला. तो दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा. तो घेऊन कुणी गेली, की ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी कळ काढत मशीन चालवायचं. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. मला त्या बिल्ल्याचा असा राग यायचा, की वाटायचं चुलीत घालावा.

एक दिवस शेजारच्या मशीनवर बाह्या जोडणारी बाई म्हणाली, "अगं, दिवसभर आपण शर्ट शिवतो. एवढासा तुकडा शिवायला काय जड आहे?"

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चिंध्यांतून लाल कापड शोधलं. आठवड्याभरात प्रत्येकीच्या ओढणीच्या गाठीत स्वतःचा बिल्ला होता. खिळ्यावरचा जागचा हलेना, आणि पाण्याचं पिंप मात्र दुपारीच रिकामं व्हायला लागलं.

मग एकदा सुपरवायझरनं संडासाच्या दारात आम्हा पाच जणींना पाच बिल्ल्यांसकट धरलं. खिळ्यावर सहावा होताच. त्यानं रागानं सगळे टेबलावर आपटले आणि मग त्यालाच कळेना, कारखान्याचा कुठला. "असली कौनसा है?" तो ओरडला. आम्ही ओढणीत तोंड लपवून हसत होतो. त्यानं एकेक बिल्ला उजेडात धरला, उलटा केला, शिवण ओढून पाहिली.

एक टाका तिरका गेला तरी माझी कॉलर परत फेकणाऱ्या त्या माणसाला सहांपैकी एकातही खोट सापडली नाही.